एकवीस दिवसांचा शेजार

शशिकला पोतनीस यांनी स्थलांतराचा अर्ज केल्यानंतर नवव्या दिवशी खैरगड आणि शेंदूरपेठ या दोन्ही शहरांनी त्यांच्याकडे नमुन्याचा एकेक शेजारी पाठवून दिला. खैरगडचा शेजारी टेम्पोतून आला, शेंदूरपेठेची शेजारीण एस.टी.ने आली.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. कापड घेताना माणूस चिंधी मागतो, तांदूळ घेताना मूठभर शिजवून बघतो. शहर घेताना शेजारी बघतो. खैरगड आणि शेंदूरपेठ यांच्यामध्ये एक नदी आणि एक पूल. दोन्हीकडे पाणी त्याच नदीचं, हवा तीच, घरभाडं सारखं, डाससुद्धा पूल ओलांडून ये-जा करणारे. बाजार, बाग, नाट्यगृह दाखवून अर्जदाराला काहीच कळत नाही, कारण पुढे त्याचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही. संबंध येतो भिंतीपलीकडच्या माणसाशी. म्हणून दोन्ही नगरपालिकांनी मिळून शेजार विभाग काढला होता आणि तो वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

शशिकलाबाई आंबेघोळ धरणाच्या वसाहतीत राहत. वसाहतीत अठ्ठेचाळीस क्वार्टरं होती आणि त्यांतल्या सत्तेचाळिसांना कुलूप होतं. धरण बांधून झालं तसे इंजिनिअर गेले, मग कारकून गेले, मग वायरमन. शेवटचं कुटुंब तीन वर्षांपूर्वी गेलं. जाताना तुळशीची कुंडी शशिकलाबाईंच्या ओट्यावर ठेवून गेलं. बाई राहिल्या, कारण पाण्याची पातळी वाचायला कुणीतरी हवं होतं. एकतीस वर्षं त्यांनी रोज सकाळी आठला पट्टीवरचा आकडा वाचून विभागीय कार्यालयाला फोनवर सांगितला. पलीकडचा माणूस 'बरं' म्हणायचा आणि फोन ठेवायचा. मग पातळी वाचणारं यंत्र बसलं आणि बाई निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सव्वाआठच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की दिवसभरात आपल्याशी कुणी बोलायचं ते एवढंच, 'बरं', आणि आता तेही बंद झालं.

क्वार्टर दोन महिन्यांत रिकामं करायचं होतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या मनाने घेतलं ते वेगळंच. एखाद्या सकाळी आपलं दार उघडलं नाही, तर ते कुणाला आणि कधी कळेल, हे त्यांनी मोजून पाहिलं. मोजायची सवयच होती. वसाहतीत सिलिंडरवाला तेवढा महिन्यातून एकदा येई. म्हणजे फार तर तीस दिवस. हा आकडा काही त्यांना आवडला नाही. अर्जातल्या 'स्थलांतराचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'दार'. शेजार विभागाने ते कारण ग्राह्य धरलं.

नमुने आले त्या दिवशी विभागाचे निरीक्षक आवटीही आले. त्यांनी डावीकडचं ब-६ खैरगडला दिलं, उजवीकडचं ब-८ शेंदूरपेठेला दिलं आणि मधल्या ब-७च्या ओट्यावर बसून शशिकलाबाईंना नियम समजावून सांगितले.

"मुदत एकवीस दिवसांची. नमुने आपापल्या शहरात वागतात तसंच इथे वागतील. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही मात्र वाट्टेल तसं वागा, तुम्ही अर्जदार आहात."

"आणि ते दोघं एकमेकांशी?"

"अजिबात नाही. मागे एकदा दोन नमुन्यांचं आपसात जमलं आणि अर्जदार मधल्या मध्ये एकटाच राहिला. फार तक्रारी आल्या. तेव्हापासून नमुन्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही."

शशिकलाबाईंनी मान डोलावली. त्यांना तो नियम योग्यच वाटला.

खैरगडचे नारायण डबीर सामान उतरायच्या आधीच ओट्यावर आले. अंगापिंडाने भरलेले, निवृत्तीला एक महिना राहिलेले गृहस्थ.

"ताई, एकट्याच?"

"हो."

"का बरं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता; त्या उत्तर जुळवू लागल्या. तोवर डबीरांनी पेन्शन किती बसली, गुडघे दुखतात का, लग्न का राहिलं आणि चहात आलं घालता की वेलची, हे सगळं विचारून घेतलं. उत्तरांसाठी ते थांबत नसत. खैरगडला कुणी थांबत नाही. तिथली पद्धत अशी, की विचारणाऱ्याने विचारत राहावं आणि सांगणाऱ्याने जमेल तिथे घुसावं. दिवसातून सहा-सात वेळा ते दार वाजवत. कधी काडेपेटी मागायला, कधी मागून नेलेली काडेपेटी संपली हे सांगायला. पहिले चार दिवस शशिकलाबाईंचं डोकं उठलं. पाचव्या दिवशी दुपारी ते दोन तास आले नाहीत, तर बाई उगाचच ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

शेंदूरपेठेच्या यमुना कुलथे यांचं सगळंच उलटं. पन्नाशी उलटलेल्या, एक ट्रंक, एक पिशवी. आल्या, मानेने 'आले' असं सांगितलं, कुलूप उघडून आत गेल्या. दोन दिवस त्यांचा आवाज म्हणून ऐकू आला नाही. ऐकू येई तो फक्त खोकला, आणि तोही सकाळी एकदाच. शशिकलाबाई पावणेसातला दाराची कडी काढत. कडी वाजली की पलीकडे एकदा खोकल्याचा आवाज येई. शशिकलाबाईंना वाटलं, बाईंना दमा असावा. चौथ्या दिवशी त्या मुद्दाम सहालाच उठल्या आणि त्यांनी हळूच कडी काढली. पलीकडून लगेच खोकला आला.

"तब्येत बरी नाही का तुमची?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"बरी आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "कडी ऐकली, एवढंच सांगायचं असतं. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

 शशिकलाबाई घरात आल्या आणि स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षं त्यांनी ज्याला पाण्याचा आकडा सांगितला त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या 'बरं'मध्ये आणि या खोकल्यात काय फरक आहे, ते त्यांना शब्दांत सांगता आलं नसतं; पण होता, आणि त्यामुळे त्यांना रडू आलं.

अकराव्या दिवशी त्यांना ताप भरला. सकाळी उठवेना. पावणेसात झाले, सात झाले, कडी वाजली नाही. सात वाजून दहा मिनिटांनी मागच्या दारावर तीन थापा पडल्या. डबीर आदल्या दिवशीच खालच्या गावात तंबाखू आणायला गेले होते आणि गप्पांत अडकून तिथेच राहिले होते. तसंही ते इतक्यांदा दार वाजवत, की त्यांच्या वाजवण्याला काही अर्थ उरला नव्हता. यमुनाबाईंनी मात्र या अकरा दिवसांत पहिल्यांदाच हात लावला होता दाराला. शशिकलाबाई भिंतीला धरून उठल्या, दार उघडलं. यमुनाबाई आत आल्या, कपाळाला हात लावला, परत गेल्या आणि अर्ध्या तासाने वाटीभर मऊ भात घेऊन आल्या. वर मेतकूट आणि तुपाचा थेंब.

"हे शेंदूरपेठेत बसतं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"बसतं. सातनंतर दार वाजवायचं, ताप असला तर भात द्यायचा."

"आणि तुम्ही थोड्या बसलात तर?"

यमुनाबाईंनी मनाशी काहीतरी मोजलं. "शेजाऱ्याकडे आम्ही वर्षातून दोनदा बसतो. यंदाच्या दोन्ही खेपा शिल्लक आहेत," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. फार बोलल्या नाहीत. एकदा ताप पाहिला, एकदा तुळशीला पाणी घातलं.

वाटी स्टीलची होती आणि तिच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलं होतं, 'य. ग. कुलथे'. बरं वाटल्यावर शशिकलाबाईंनी ती घासली, पुसली, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात चार बेसनाचे लाडू घालून नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी कोथिंबीर घेऊन परत आली. ती गेली लिंबाचं लोणचं घेऊन. आली ती ओल्या खोबऱ्याची चटणी घेऊन. अठराव्या दिवशी यमुनाबाई वर्षाची दुसरी खेपही वापरून बसल्या. त्या दिवशी शशिकलाबाईंनी त्यांना 'दार' या कारणाविषयी सांगितलं. तीस दिवसांचा आकडाही सांगितला.

"शेंदूरपेठेत पंचवीस मिनिटं," यमुनाबाई म्हणाल्या.

शशिकलाबाईंचा निर्णय तिथेच झाला. अर्जावर शेंदूरपेठेपुढे खूण करायची तेवढी बाकी होती. त्यांनी सहज विचारलं, "तुमची गल्ली कोणती? त्याच गल्लीत घर मागते."

यमुनाबाईंनी तुळशीचं एक वाळकं पान खुडलं.

"गल्ली आहे. पण मी तिथे नसते हो बाई. एक अर्जदार झाला की दुसरा. अकरा वर्षं झाली. महिन्यातून चार-पाच दिवस घरी जाते, तेव्हा शेजारचे नवे आलेले असतात. मी कडी काढते, तर त्यांना कळत नाही कुणाची वाजली."

"मग मला कोण मिळेल?"

"मिळेल कुणीतरी. खोकेल ते. खोकतात सगळे." मग खाली बघून त्या म्हणाल्या, "मी नसेन."

 पंचवीस मिनिटांत कुणीतरी येणार, हे चांगलंच होतं. दोन महिन्यांपूर्वी शशिकलाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं असतं. आता त्यांना कुणीतरी नको होतं. त्यांना या बाई हव्या होत्या, आणि अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

पुढचं सगळं डबीरांकडून कळलं. विचारावं लागलं नाही.

"आता मी सुटतो ताई. एकतीस तारखेला निवृत्त. सहा वर्षं केलं हे. या कुलथेबाई माझ्या नेहमीच्या समोरच्या बरं का. ही आमची बत्तिसावी जागा. मधे अर्जदार, इकडे मी, तिकडे त्या. बत्तीस जागा, पण एक शब्द नाही! नियम म्हणजे नियम. मला तर वाटतं त्यांना मी आवडत नाही. तुम्हाला काय वाटतं? माझ्या जागी आता खैरगडला माणूस मिळेना झालाय. तरुण पोरं बोलत कुठे आहेत? मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. लोणचं आहे का हो थोडं?"

शशिकलाबाईंनी लोणचं दिलं. मग पायरीवर बसल्या आणि पट्टीवरचा आकडा वाचावा तसं हे सगळं नीट वाचलं. एका शहराचा एकच नमुना जातो. शेंदूरपेठेच्या दोन बायका एका अर्जदाराकडे कधीही येणार नाहीत. यमुनाबाईंच्या समोर राहायचं, तर खैरगडचंच व्हायला हवं.

एकविसाव्या दिवशी निरीक्षक आवटी आले. डबीरांचा टेम्पो भरलेला होता. यमुनाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. आवटींनी कागद काढले.

"शेवटचा नियम. मुदत संपताना अर्जदार आणि नमुना यांच्यात एकही भांडं अडकलेलं नको. ब-६?"

"काही नाही," डबीर म्हणाले. "काडेपेट्या आहेत, पण त्या भांड्यात मोडत नाहीत."

"ब-८?"

 शशिकलाबाई आतून वाटी घेऊन आल्या. कालच ती साबुदाण्याची खिचडी घेऊन आली होती.

"द्या परत," आवटी म्हणाले.

"थांबा, काहीतरी घालते तिच्यात."

"तसं नाही चालत बाई. भरून दिलीत की ती नवी देवाणघेवाण धरतात. मग त्यांना परत भरून द्यावी लागेल, मुदत लांबेल. रिकामीच द्या."

"रिकामी?"

शशिकलाबाईंनी वाटी पदराआड घेतली. आवटींनी कागदाकडे बघितलं. तेही कुणाच्या तरी हातचं खाऊन वाढलेले होते. भरून आलेली वाटी रिकामी परत धाडणारं माणूस त्यांच्या घराण्यात झालं नव्हतं. त्यांनी एकदा घसा साफ केला, मग पेन उघडलं.

"एक रकाना आहे," ते म्हणाले, "'विसरली' असा. सहसा वापरत नाहीत."

"वापरा," यमुनाबाई म्हणाल्या. निरीक्षकांसमोर त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

मग आवटींनी अर्ज पुढे केला आणि शशिकलाबाईंनी खैरगडपुढे खूण केली. डबीरांनी आनंदाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कोणता वॉर्ड, कितवा मजला, नळाला पाणी कधी येतं हे सांगायला सुरुवात केली. यमुनाबाईंनी खूण पाहिली. त्यांचा चेहरा हलला नाही. ट्रंक उचलून त्या एस.टी.च्या रस्त्याला लागल्या. वळणावर पोचल्या तेव्हा शशिकलाबाईंनी धावत जाऊन आपल्या रिकाम्या घराची कडी जोरात वाजवली. खोकला ऐकू आला की नाही, याची त्यांना खात्री करता आली नाही. मधे डबीर बोलत होते.

खैरगडला त्यांना दोन खोल्या मिळाल्या आणि चारी बाजूंनी शेजारी मिळाले. दार उघडलं नाही तर तिथे पाच मिनिटांत कळलं असतं, कारण दार बंद करूच देत नसत. सगळे चांगले होते. शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे शिकवणी लावल्यासारखं लक्ष दिलं आणि दीड महिन्यात नमुन्याच्या जागेसाठी अर्ज केला.

परीक्षा तोंडी होती. अनोळखी माणसाला दहा मिनिटांत सतरा प्रश्न विचारायचे. पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या, कारण प्रत्येक उत्तर संपेपर्यंत त्या थांबत होत्या. उत्तर ऐकून 'बरं' म्हणत होत्या, त्याचेही दोन गुण गेले. त्यांनी घरी आरशासमोर सराव केला. जन्मभर न बोललेल्या बाईला साठाव्या वर्षी वटवट शिकायची म्हणजे जीभ अक्षरशः दुखते. रोज संध्याकाळी मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्या लागत. दुसऱ्या खेपेला त्यांनी परीक्षकाला एकोणीस प्रश्न विचारले, त्याची काडेपेटी घेतली आणि पास झाल्या.

त्यांची पहिली नेमणूक भास्कर रणपिसे यांच्याकडे झाली. रणपिसे रेल्वे फाटकावर होते. रस्ता रुळांखालून गेला, फाटक कायमचं बंद झालं आणि रुळांकडेच्या तीन खोल्यांपैकी मधल्या खोलीत रणपिसे एकटे राहिले. शशिकलाबाई टेम्पोतून आल्या. ओट्यावर जाऊन त्यांनी विचारलं, "दादा, एकटेच? का बरं?" आणि उत्तरासाठी थांबल्या नाहीत. तेवढ्यात रस्त्यावर एस.टी. थांबली. यमुनाबाई ट्रंक आणि पिशवी घेऊन उतरल्या, रणपिशांना मानेने 'आले' म्हणाल्या आणि पलीकडच्या खोलीचं कुलूप उघडून आत गेल्या. शशिकलाबाईंकडे त्यांनी बघितलं नाही. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच शशिकलाबाईंनी कडी काढली. त्यांच्या आणि यमुनाबाईंच्या मधे दोन भिंती होत्या आणि रणपिसे होते. खोकला आला नाही. थोड्या वेळाने रणपिशांची कडी वाजली आणि मग खोकला आला. पण तो रणपिशांच्या कडीसाठी होता, त्यात शशिकलाबाईंचं काही नव्हतं. त्या दिवशी त्या रणपिशांकडे आठ वेळा गेल्या आणि फार मोठ्याने बोलल्या. आपला ताप पुन्हा आला नाही, तुळशीची कुंडी सोबत आणली आहे, खैरगडला दार बंद करू देत नाहीत, असं सगळं त्यांनी रणपिशांना ओरडून सांगितलं.

"बाई, मला ऐकू येतं हो," रणपिसे म्हणाले.

"खैरगडला असंच बोलतात दादा."

तिसऱ्या दिवशी त्यांनी विसरलेली वाटी काढली, तिच्यात चार बेसनाचे लाडू घातले आणि रणपिशांना नेऊन दिली. रणपिसे वळणाचे गृहस्थ होते. संध्याकाळी लाडू संपल्यावर त्यांनी वाटी घासली आणि काठावरचं नाव चष्मा लावून वाचलं. वाटी पलीकडच्या बाईंची आहे, हे उघड होतं. ती या बाईंकडे कशी आली, असा विचार त्यांनी केला नाही, भांडी फिरतातच. ज्याची वस्तू त्याला पोचती करावी म्हणून त्यांनी तिच्यात मूठभर शेंगदाणे घातले आणि ती यमुनाबाईंच्या दारात नेली. अर्जदाराने काय करावं याला नियम नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी रणपिसे शशिकलाबाईंच्या ओट्यावर आले. हातात तीच वाटी, वर ताटली झाकलेली. चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी आलेलं असावं असं हसू होतं.

"येणंजाणं छान सुरू झालं की हो," ते म्हणाले. "त्या बाईंनी मला अळूवडी दिली. आणि लाडवांचं सांगितलं तर ही माझ्या हाती देऊन म्हणाल्या, लाडूवाल्यांची वाटी, त्यांना द्या. काय घातलंय बघा, मी उघडलं नाही."

शशिकलाबाईंनी ताटली काढली. आत मऊ भात होता, वर मेतकूट आणि तुपाचा थेंब.

"ताप आलाय का तुम्हाला?" रणपिशांनी काळजीने विचारलं.

"नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. खैरगडच्या पद्धतीने सतरा प्रश्न विचारायचे होते, ते त्यांना सुचले नाहीत. त्या तिथेच पायरीवर बसून भात जेवल्या. रणपिसे शेजारी बसून राहिले. जेवण झाल्यावर शशिकलाबाईंनी वाटी घासली, पुसली आणि आता तिच्यात काय घालावं, हे बघायला आत गेल्या. मुदतीचे सतरा दिवस उरले होते.